रात्रीची शिरगणती: मुंबईतल्या बेघरांची मोजणी करायला जाताना

जनगणनेत बेघरांच्या वाट्याला एकच रात्र येते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीची होती. त्या रात्री देशभरात मिळून सुमारे १७ लाख ७३ हजार माणसं उघड्यावर सापडली. महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर, आणि मुंबईत ५७ हजारांच्या आसपास. मध्यरात्रीनंतर सीएसएमटीहून भायखळ्यापर्यंत पायी गेलेल्या कुणालाही हा शेवटचा आकडा तोकडा वाटतो. येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे, म्हणजे बेघरांची रात्रही त्याच सुमारास येणार. मधल्या काळात पालिका आणि सामाजिक संस्था आपापली सर्वेक्षणं करतात आणि त्यांना रात्रभर चालू शकतील असे स्वयंसेवक हवे असतात.

आकडा कमी येतो, कारण बेघर माणसं लपतात, असं म्हणण्याची पद्धत आहे. काही लपतात, खरंच. पण बरीचशी डोळ्यांसमोर असतात. मोजणाराच ‘हा रखवालदार असेल’, ‘ही गाडीची वाट बघत असेल’ असं ठरवून पुढे जातो. खालची सगळी कृती ही सवय मोडण्यासाठी आहे.

आधी पत्र, मग पाय

चार मित्र जमवून आपल्या मनाने निघू नका. बेघरांसोबत आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फतच जा. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘कोशिश’ हा प्रकल्प बरीच वर्षं भिक्षेकरी आणि बेघर लोकांमध्ये काम करतो. समाजकार्य शिकवणाऱ्या महाविद्यालयांतूनही अशा कामाचा पत्ता लागतो. संस्थेकडून ओळखपत्र घ्या, आणि तुमच्या भागातल्या पोलीस ठाण्याला पत्र पोचलं आहे ना, हे स्वतः विचारा. रात्री दोन वाजता गस्तीच्या गाडीसमोर ‘वरून परवानगी आहे’ या वाक्याला काही किंमत नसते. शिक्का असलेला कागद लागतो. रेल्वेची हद्द वेगळी, तिथल्या फलाटांसाठी आणि पुलांसाठी रेल्वेकडून वेगळी परवानगी. बंदराच्या जमिनींचंही तसंच. परवानगी नसेल तर तो भाग सोडा, पण फॉर्मवर ‘मोजला नाही’ असं लिहा. कोरी जागा दिसली की वाचणारा तिथे शून्य धरतो.

बेघर म्हणजे कोण, हे निघण्याआधी ठरवा

इथे घाई करू नका. जनगणनेची व्याख्या बऱ्यापैकी मोकळी आहे: जी माणसं घरात राहत नाहीत, रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या सिमेंटच्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मांडवात किंवा फलाटावर राहतात, ती बेघर. कागदावर सोपं. मुंबईत मात्र पहिल्याच गल्लीत प्रश्न उभे राहतात.

परळला टाटा आणि केईएम रुग्णालयांबाहेरच्या पदपथांवर रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक झोपलेले असतात. गावी त्यांचं घर आहे, शेत आहे, पण उपचार महिनोन्‌महिने चालतात आणि शहरात डोक्यावर छप्पर नाही. त्यांना मोजायचं का? मी म्हणेन मोजा, वेगळ्या रकान्यात. मशीद बंदर, भुलेश्वरकडे हमाल आपल्याच हातगाडीवर झोपतात. दुकानाच्या फळीवर झोपणारा नोकर आहे. मालकाने काढलं तर ती फळीही जाते. टॅक्सीत झोपलेल्या चालकाची कुठेतरी भाड्याची खोली असू शकते. आणि पदपथावर ताडपत्री-बांबूची झोपडी बांधून वीस-वीस वर्षं राहिलेली कुटुंबं आहेत. त्यांना कुणी झोपडपट्टीत धरतं, कुणी बेघरांत, आणि ती दोन्हीकडून गळतात. अशा प्रत्येक प्रकाराबद्दल संस्थेचा नियम काय, हे बैठकीतच विचारून लिहून घ्या. नियम कुठलाही असो, सगळ्या तुकड्यांनी तोच पाळला पाहिजे. रस्त्यावर प्रत्येकाने आपल्या बुद्धीने ठरवलं तर बेरजेला अर्थ उरत नाही.

पदपथावरच्या झोपड्यांची मोजणी मुंबईत फार पूर्वी एकदा नीट झाली होती. १९८५ साली पदपथवासीयांच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण पावसाळा संपल्यावर पदपथ मोकळे करण्याची मुभाही पालिकेला दिली. त्याच वर्षी ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळा परिसरातल्या सुमारे सहा हजार पदपथवासी कुटुंबांची पाहणी करून ‘वी, द इन्व्हिजिबल’ नावाचा अहवाल काढला. ही माणसं कोण, कुठून आली, काय काम करतात, हे त्यामुळे ठोस बोलता आलं.

दिवसाची पाहणी

रात्री मोजायचं असलं तरी निम्मं काम दिवसाउजेडी होतं. तुम्हाला दिलेल्या गल्ल्यांचा नकाशा घ्या आणि आदल्या दोन-तीन दिवसांत पायी फिरा. माणसं दिसणार नाहीत, खुणा दिसतील. रेलिंगला किंवा झाडाच्या फांदीला बांधलेलं बोचकं. भिंतीलगत घडी करून ठेवलेली ताडपत्री, वर दगड. तीन विटा आणि त्यामागे काळी झालेली भिंत. बंद पडलेल्या दुकानाच्या शटरला अडकवलेली मच्छरदाणीची दोरी. प्रत्येक खूण नकाशावर मारा.

मग विचारा. सर्वांत पक्की माहिती सार्वजनिक शौचालयाच्या खिडकीवर बसलेल्या माणसाकडे असते: पहाटे कोण येतं, किती बायका, किती मुलं, हे त्याला पाठ असतं. त्यानंतर रात्री उशिरापर्यंत चालणारा चहावाला आणि बंद दुकानांचा रखवालदार. एका गोष्टीची काळजी घ्या: ‘इथे भिकारी कुठे झोपतात?’ असं विचारू नका. रस्त्यावर राहणारे बहुतेक जण काम करतात. कचरा वेचतात, लग्नाच्या कंत्राटात वाढपी म्हणून जातात, बांधकामावर जातात, सिग्नलवर गजरे विकतात. प्रश्नच चुकीचा असला तर ते सगळे उत्तरातून गळतात.

तुकडी आणि पिशवी

तीन किंवा चार जण पुरे. त्यात एक तरी स्त्री हवी, आणि जमलं तर एक असा माणूस जो स्वतः रस्त्यावर राहिला आहे. हा चौथा माणूस बाकी तिघांपेक्षा जास्त मोजतो, हे मानूनच निघा. तो थांबेल तिथे थांबा.

बरोबर फळी, फॉर्म, दोन पेन्सिली, पाणी, छोटी विजेरी. कॅमेरा नको आणि मोबाइल खिशात. खाऊ, चादरी, बिस्किटंही नेऊ नका. हे पुष्कळांना पटत नाही. पण वाटप सुरू झालं की गल्लीच्या टोकापासून माणसं धावत येतात, पुढच्या तुकडीच्या हद्दीतली तुमच्याकडे येतात, आणि मोजणी तिथेच संपते. चादरी दुसऱ्या रात्री वाटा.

वेळ मध्यरात्रीनंतरची. फेरीवाले उठेपर्यंत आणि दुकानांची शटर खाली येईपर्यंत पथारी पडत नाही. लोकल एकच्या आसपास थांबतात आणि चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात; तेवढ्या वेळात स्थानकाबाहेरचं चित्र सर्वांत स्थिर असतं. तुम्हालाही तेवढा वेळ घरी जाता येणार नाही, हे घरच्यांना आधी सांगून ठेवा.

चालायचं कसं, मोजायचं कसं

रस्त्याची एक बाजू पूर्ण करा, मग दुसरी. एकाने फक्त मोजायचं, दुसऱ्याने फक्त लिहायचं, तिसऱ्याने पुढे-मागे बघायचं. दोन तुकड्यांच्या हद्दीवरचा रस्ता कुणाचा, हे नकाशावर रंगवून घ्या, आणि शेजारच्या तुकडीशी ठरवून हद्दीची बाजू दोघांनी साधारण एकाच वेळी संपवा. माणसं रात्रीतून उठून जागा बदलतात. पोलिसाने हटकलं, पाणी सुटलं, कुत्री मागे लागली, कारण काहीही असतं.

झोपलेल्याला उठवायचं नाही. चादर उचलायची नाही, तोंडावर उजेड टाकायचा नाही. विजेरी जमिनीकडे धरा. एका गोधडीखाली किती जण, हे पायांवरून आणि उशाच्या सामानावरून अंदाजाने लिहा आणि अंदाजाच्या रकान्यात खूण करा. बाई की पुरुष, कळत नसेल तर ‘अज्ञात’. अज्ञातांची संख्या मोठी आली म्हणून कमीपणा वाटून घेऊ नका. मनाने भरलेली माहिती त्याहून वाईट.

आता ज्या जागा हमखास सुटतात त्या. जिन्याखालची पोकळी. उभ्या ट्रकांच्या मधली फट आणि ट्रकाच्या खालचा भाग. स्कायवॉकचं वळण. फुलांच्या आणि भाजीच्या बाजारातले रिकाम्या टोपल्यांचे ढीग. आणि बसलेली माणसं. रस्त्यावर राहणारी एकटी बाई रात्री बहुधा झोपत नाही. ती उजेडात, रुग्णालयाच्या दाराशी, एसटीच्या स्थानकात, देवळाच्या पायरीवर पिशवी मांडीवर घेऊन बसते आणि दिवसा झोपते. प्रवाशासारखं दिसणं हेच तिचं संरक्षण असतं. ‘कुठली गाडी, मावशी?’ एवढं विचारलं की बऱ्याचदा कळतं. अशा बायका सुटल्या की अहवालात ‘महिलांचं प्रमाण अल्प’ असं छापलं जातं, आणि महिलांसाठी वेगळ्या निवाऱ्याची मागणी तिथेच अडते.

जागं कुणी असेल तर बोला, पण उभ्याने नको, खाली बसा. सुरुवात अशी करता येईल: ‘काका, आम्ही गाडी घेऊन आलेलो नाही. रात्री रस्त्यावर किती माणसं राहतात ते मोजतोय. दोन मिनिटं बोलू का?’ मोजणी पालिकेसाठी असेल तर तेही सांगा, लपवू नका. ‘गाडी’ हा शब्द मुद्दाम घ्या, कारण फळी घेतलेला माणूस दिसला की त्यांच्या मनात दोन गाड्या येतात. एक अतिक्रमण हटवणारी, दुसरी भिक्षेकऱ्यांना पकडून चेंबूरच्या भिक्षेकरी गृहात नेणारी. १९५९चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून आहे. दिल्लीत उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली, इकडे ती भीती तशीच आहे. नाव शेवटी विचारा, आणि नको म्हटलं तर सोडा. पहिला प्रश्न ‘काल रात्री कुठे झोपला होता?’ हाच हवा, आणि दुसरा ‘आज आमच्याआधी कुणी मोजून गेलं का?’ बहुतेक बोलणं हिंदीत होईल. घर मिळेल, कार्ड मिळेल असं काहीही कबूल करू नका.

मध्येच कुणी आजारी दिसलं तर मोजणी थांबवून १०८ला फोन करा. एकटं मूल दिसलं तर १०९८. रुग्णवाहिका येईपर्यंत एक जण तिथे थांबतो, बाकीचे पुढे जातात.

पहाटेनंतर

फॉर्म तिथेच, चहाच्या टपरीवर बसून तपासा. घरी नेलेला फॉर्म दुसऱ्या दिवशी वाचता येत नाही. दिवसाच्या खुणांचा नकाशा काढा आणि पडताळा: बोचकं दिसलं होतं, रात्री तिथे माणूस दिसला का? नसेल तर त्या जागेवर प्रश्नचिन्ह, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक चक्कर. न्यूयॉर्कमध्ये मोजणीच्या रात्री काही माणसं मुद्दाम बेघरांच्या जागी बसवून ठेवतात आणि त्यातली किती मोजणाऱ्यांच्या नजरेतून सुटली यावरून मोजणीत किती चूक झाली याचा अंदाज काढतात. आपल्याकडे तेवढं मनुष्यबळ नसतं. बोचक्यांचा नकाशा तेच काम थोडंफार करतो.

हा नकाशा मात्र जपायची वस्तू आहे. कुठल्या पुलाखाली किती कुटुंबं, याची यादी चुकीच्या हातात गेली की महिनाभरात तो पूल ‘सुशोभित’ होतो. संस्थेला जागावार तपशील द्या. बाहेर, आणि विशेषतः व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, फक्त प्रभागाची बेरीज जाऊ द्या. स्वतःकडे नावं ठेवू नका. बेरजेचा कागद ठेवा.

तो पुढे लागतो. बेघरांच्या निवाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दिलेल्या आदेशांनंतर आणि २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निकष ठरला तो असा: शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचा कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. मुंबईची २०११ची लोकसंख्या १ कोटी २४ लाख, म्हणजे हिशेब सव्वाशे निवाऱ्यांच्या घरात जातो. ते कुठे हवेत, बायकांसाठी किती, कुटुंबांसाठी किती, हे लोकसंख्येवरून कळत नाही. ते तुमच्या कागदावरून कळतं. म्हणून अहवाल प्रसिद्ध झाला की तुमच्या प्रभागाचा आकडा काढा आणि आपल्या बेरजेशी ताडून बघा. फरक मोठा असेल तर संस्थेला लेखी विचारा, आणि उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करून पालिकेकडे कुठल्या गल्ल्या मोजल्या आणि कुठल्या नाही, याची यादी मागा.