हेडसेट कानाला लावण्याआधी

आपल्या वस्त्यांतील अनेक मुलेमुली आता कॉल सेंटरमध्ये काम करतात. आठ-आठ तास कानाला हेडसेट असतो. पाठ दुखली की आपण बोलतो. कान मात्र न दुखताच अधू होत जातो. म्हणून या वेळी हेडसेटचा आवाज कसा लावावा ते पाहू. घरात कोणी असे काम करत असेल तर त्याला हे पान जरूर वाचायला द्या.

आतल्या कानात केसांसारख्या बारीक पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या मेल्या की पुन्हा येत नाहीत. आवाज किती मोठा आणि किती वेळ, या दोन्हींवर नुकसान ठरते. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत, ही सर्वसाधारण मर्यादा मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते : ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास.

कामावर गेल्यावर हे करा :

१. हेडसेट लावण्याआधी आवाज कमी करा. आधीच्या पाळीतल्या माणसाने तो पूर्ण वाढवून ठेवलेला असू शकतो. आवाज हेडसेटचे बटण, कॉम्प्युटर आणि कॉलचा प्रोग्राम अशा तीन ठिकाणी असतो, तिन्ही पाहा.

२. पहिल्या कॉलला हळूहळू वाढवा. बोलणे स्पष्ट कळले की थांबा. एखाद्या कॉलसाठी वाढवलात तर कॉल संपताच पुन्हा खाली आणा.

३. हॉलमध्ये गोंगाट असेल तर आवाज वाढवू नका. दोन्ही कान झाकणारा हेडसेट मागा.

४. संरक्षणाची सेटिंग सुरू आहे का ते विचारा. बटणाने आवाज कमी ठेवला तरी लाइनवर अचानक शिट्टी किंवा फॅक्सचा कर्कश आवाज आला तर कानाला धक्का बसतो. प्लँट्रॉनिक्सच्या अनेक हेडसेटसाठी कॉम्प्युटरवरच्या प्रोग्राममध्ये असा अचानक आवाज दाबण्याची सोय असते. 'जी ६१६' ही सेटिंग आवाज १०२ डेसिबलच्या वर जाऊ देत नाही. दिवसभराच्या सरासरीसाठी ८० किंवा ८५ निवडता येते. ८० अधिक सुरक्षित. तिथेच रोज फोनवर किती तास जातात तेही खरे भरावे. इतर कंपन्यांच्या हेडसेटलाही अशा सोयी असतात, नावे वेगळी असतात.

ही सेटिंग बहुधा आयटी विभागाच्या हातात असते. टीम लीडरला सांगायला संकोच वाटतो, पण दोन ओळींचा ईमेल करा. लेखी नोंद राहते. आवाजामुळे कमी ऐकू येणे हा कायद्यात कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. तेव्हा ही मागणी रास्तच आहे.

सुट्टीच्या वेळी कानाला विश्रांती द्या. घरी येताना मोबाइलची गाणी आणि मिरवणुकीतला डीजे हेही त्याच कानाच्या हिशेबात जमा होतात.

पाळी संपल्यावर कानात गुंई आवाज येणे, कान भरल्यासारखा वाटणे, टीव्ही मोठा करावा लागणे, गर्दीत बोलणे न कळणे, ही धोक्याची खूण आहे. सरकारी रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात श्रवण तपासणी करून घ्या. पगारातून ईएसआयसी कापली जात असेल तर त्यांच्या दवाखान्यात दाखवा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कानात तेल घालून वाट पाहू नका.