जुन्या धनुष्यावरील संरक्षक लेप

लाकडी धनुष्य ओढले असता त्याची धनुर्धराकडील बाजू, म्हणजे पोट, दाबली जाते आणि लक्ष्याकडील बाजू, म्हणजे पाठ, ताणली जाते. इंग्लंडमधील लांब धनुष्ये यू वृक्षाच्या लाकडाची करीत. त्यांच्या पाठीवरील फिकट रसकाष्ठ ताण सोसते, तर पोटाकडील तांबूस मध्यकाष्ठ दाब सोसते. जुन्या धनुष्यावर नवा लेप चढविताना ही रचना विसरता कामा नये.

लेपाने धनुष्याला बळ येत नाही. हवेतील ओलावा लाकडात शिरण्याचा वेग तो कमी करतो, एवढेच त्याचे कार्य. म्हणून पहिले काम तपासणीचे. पाठीवर किंवा पोटावर आडवी चीर दिसल्यास धनुष्याला दोरी चढवू नये. ते ओढताना मोडण्याचा धोका असतो. लेपाने चीर झाकते, सांधत नाही. असे धनुष्य केवळ जतन करून ठेवावे.

दुसरी खबरदारी घासण्याची. चकचकीतपणाच्या मोहाने पाठ पॉलिशकागदाने जोरात घासली, तर ताण वाहणारे लाकडाचे तंतू कापले जातात. अनेक उत्तम धनुष्यांची पाठ एकाच वार्षिक वलयाला धरून घडविलेली असते. ते वलय भेदले गेले, की तेथूनच धनुष्य फुटू शकते. पोटाचे लाकूड घासून कमी केले, तर धनुष्याचे बळ घटते आणि त्याचा बाकही बिघडतो.

जुना लेप कोणता, हे मुठीच्या वेष्टनाजवळील झाकलेल्या जागी स्पिरिटचा थेंब लावून पाहावे. तो लगेच मऊ झाला, तर बहुधा चपडीलाखेचा असतो. मग धूळ व मळ पुसून, स्पिरिटमध्ये विरघळविलेल्या लाखेचे अगदी पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यावा. जाड थर धनुष्य वाकताच तडकतो. टोकांकडे विशेष लक्ष द्यावे, कारण आडव्या छेदातून ओलावा लवकर शिरतो. शेवटी मेणाचा हलका हात पुरे.

लाखेऐवजी जवसाचे तेल वापरल्यास तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवू नये. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. चिंध्या पसरून वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

धनुष्य दुर्मीळ असेल, तर मूळ लेप काढूच नये. घडविणाऱ्याच्या हाताची ती खूण एकदा गेली, की पुन्हा मिळत नाही.