कानाखालची गाठ : दुखत नाही म्हणून थांबू नका



कानाच्या पाळीखाली लाळेची मोठी ग्रंथी असते. गालगुंडात तिथे ठणका लागतो, ताप येतो आणि सूज काही दिवसांत उतरते. पण गाठ उतरत नाही. ती हळूहळू वाढते, दुखत नाही आणि आपण लेप लावत बसतो.

इथल्या बहुतेक गाठी साध्या असतात. सर्वांत जास्त आढळते ती प्लिओमॉर्फिक अ‍ॅडिनोमा. साधी असली तरी वर्षानुवर्षे तशीच ठेवल्यास तिचा कॅन्सर होऊ शकतो. वॉर्थिन गाठ बहुधा उतारवयात, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होते. कधी दोन्ही बाजूंना. म्युकोएपिडर्मॉइड मात्र कॅन्सरच, आणि तोही सुरुवातीला बहुधा दुखत नाही. हाताला तिन्ही सारख्याच लागू शकतात.

म्हणून सोनोग्राफी आणि सुईची तपासणी करून घ्या. सुईतही कधी फसगत होते. ऑपरेशन झाल्यावर काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्टच खरा. गाठीचे नाव विचारा, रिपोर्ट जपून ठेवा. तोंड वाकडे झाले किंवा डोळा मिटेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

ऐकीव गोष्ट मानू नका, पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. गाठीलाही तोच नियम.