आठवणीनं भिंत काढू नकोस

प्लॅनमधली भिंत दिसेनाशी झाली की पहिलं काम: हात माउसवरून काढ. घाबरून पुन्हा पुन्हा कंट्रोल-एस दाबलास की घात झालाच म्हणून समज. ऑटोकॅड सेव्ह करताना आधीची फाइल डॉट-बॅक नावानं बाजूला ठेवतं, पण एकच. एकदा चुकून सेव्ह झालं तरी भिंत त्या बॅकमध्ये शाबूत असते. दुसऱ्यांदा केलंस की तिथंही बिनभिंतीचीच फाइल.

मग बघ, भिंत खरंच गेलीय का. निम्म्या वेळा लेअर बंद किंवा फ्रीझ झालेला असतो, नाहीतर कुणीतरी ऑब्जेक्ट आयसोलेट करून ठेवलेले असतात. रेव्हिटमध्ये खालच्या पट्टीवरचा बल्ब दाब, लपलेलं सगळं गुलाबीसर रंगात दिसतं. तिथंही नसेल तर गेलं म्हण.

आत्ताच गेलं असेल तर अनडू आहेच. पण भिंत उडाल्यावर तासभर काम केलं असेल, तर अनडू ते कामही गिळतो. त्यासाठी ऑटोकॅडमध्ये ‘ऊप्स’ ही कमांड आहे. शेवटच्या इरेजमध्ये गेलेलं तेवढंच परत येतं, नंतरचं काम जागच्या जागी राहतं. फक्त शेवटच्या इरेजचं, हे विसरू नकोस. मधे आणखी काही पुसलं असेल तर ही कमांड उपयोगाची नाही. आपल्या तेरखेड्यात ही कमांड माहीत असलेली पोरं मला फार भेटली नाहीत.

लाइट गेली आणि मशिन बंद पडलं, तर टेम्प फोल्डरमध्ये ऑटोकॅडची एसव्ही-डॉलर शेपटीची फाइल शोध. सेटिंग बदललं नसेल तर ती दर १० मिनिटांनी सेव्ह होते. मात्र ड्रॉइंग नीट बंद केलंस की ती पुसली जाते, म्हणून गडबड वाटली तर बंद करायच्या आधीच तिची कॉपी काढ. बॅक असो की ही, आधी कॉपी, मग कॉपीचं शेपूट बदलून डीडब्ल्यूजी करायचं. मूळ फाइलला हात लावायचा नाही. रेव्हिट आपणहून सेव्ह करत नाही, नुसती आठवण देतं. पण सेव्ह केल्यावर ०००१, ०००२ अशा आकड्यांच्या जुन्या प्रती ठेवतं. सेटिंग बदललं नसेल तर तीनच.

जुनी फाइल सापडली की हवं तेवढं कॉपी कर आणि ऑटोकॅडमध्ये ‘पेस्ट-ओरिज’नं चिकटव, म्हणजे मूळ जागीच बसतं. डोळ्यानं अंदाजे ठेवायचं नाही.

एवढं सांगतोय, कारण पोरांना वाटतं, शोधत बसण्यापेक्षा पाच मिनिटांत नवी भिंत काढू. रेव्हिटमध्ये भिंत डिलीट केली की तिच्यातली दारं-खिडक्याही जातात. भिंत परत काढलीस तरी ती येत नाहीत, आणि तू आठवणीनं दार बसवतोस. घराच्या प्लॅनमध्ये ते खपूनही जाईल. पण आपल्या गावात फटाक्यांच्या शेडचे नकाशेही असतात. शेडचं दार बाहेरच उघडलं पाहिजे, आग लागली तर माणसाला ते ढकलून पळता यावं म्हणून. घाईत बसवलेलं दार आत उघडणारं निघालं, तर पडद्यावर दाराची एक छोटी कमान उलटी दिसते, बस्स. दोन शेडमधल्या अंतराचंही तसंच. स्फोटक नियम २००८ मध्ये ही सुरक्षित अंतरं ठरलेली आहेत. भिंत फूटभर सरकली की मापं सरकतात, आणि कागद तपासणारा माणूस पडद्यावरच्या माणसापेक्षा कडक असतो.

घरांतही एक गोष्ट सांभाळ. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात आपल्या जिल्ह्यातल्या सास्तूरसारखी गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. अशा वेळी भिंतींना सलग बांधून ठेवणारी लिंटेल पट्टी सेक्शनमध्ये दोनच रेघा असते. ती गेली तरी प्लॅनवर कुणाला कळत नाही, गवंड्याला तर नाहीच.

म्हणून परत आणलेलं सगळं जुन्या फाइलशी ताडून बघ. ऑटोकॅड २०१९ पासून ‘कंपेअर’ कमांड आहे, दोन फायलींतला फरक वेगळ्या रंगात दाखवते. फरक दिसला नाही तरी प्रिंट काढून प्रत्येक दार कुठल्या बाजूला उघडतं ते पेन्सिलीनं खूण करत तपास आणि मगच सहीला पाठव.