मन ओढते, निर्णय आपला

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

मार्गशीर्ष पौर्णिमा जवळ आली की अवधूतांच्या चोवीस गुरूंची आठवण निघतेच. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत आणि यदुराजा यांचा हा संवाद आहे. अवधूत म्हणजे प्रत्यक्ष दत्तमहाराज, ही आपली परंपरेने आलेली श्रद्धा. याच स्कंधावर नाथमहाराजांनी ३१ अध्यायांची टीका लिहिली आणि १५७३ साली ती काशीक्षेत्री पूर्ण केली. आमच्या मंदिरात गुरुवारच्या आरतीनंतर मी ती थोडी थोडी वाचून दाखवतो.

पृथ्वी, वारा, मासा, अजगर हे गुरू कसे, असे मंडळी विचारतात. याचे उत्तर अवधूतांच्याच बोलण्यात आहे. हे गुरू मी माझ्या बुद्धीने केले, असे ते यदूला सांगतात. पतंगाने त्यांच्या कानात मंत्र सांगितला नाही, की माशाने दीक्षा दिली नाही. पाहिले सगळ्यांनीच, पण काय घ्यायचे आणि काय टाकायचे हे अवधूतांनी स्वतः ठरवले. आपल्या आजच्या पाठाचा धागा हाच आहे.

मन आणि बुद्धी यांची कामे शास्त्राने वेगळी सांगितली आहेत. ‘हे करू की ते करू’ असे हेलकावे घेते ते मन, आणि ‘हेच करायचे’ असे ठरवते ती बुद्धी. कठोपनिषदात यमराज नचिकेताला रथाचा दृष्टांत देतात. शरीर हा रथ, इंद्रिये घोडे, मन लगाम आणि बुद्धी सारथी. आत बसलेला मालक म्हणजे आत्मा. आता घोडे उधळले तर दोष कोणाचा? घोडा ओढणारच, तो त्याचा स्वभाव. लगाम धरणे हे सारथ्याचे काम.

म्हणून ‘मनात वाईट विचार आला, पाप लागेल का?’ असे कोणी आजी घाबरून विचारतात, तेव्हा मी सांगतो, विचार येणे हा मनाचा स्वभाव आहे. त्याला होकार दिला की ते आपले कर्म झाले. येणे आणि होकार देणे यांच्यामध्ये एक क्षण असतो. सगळा धर्म त्या क्षणात आहे, बरं का!

चोवीस गुरूंपैकी दोघांकडे या दृष्टीने पाहू. एक कपोत. पारध्याच्या जाळ्यात पिल्ले अडकली, त्यांच्यामागे कपोती गेली. कपोताला जाळे स्पष्ट दिसत होते, तरी मोहाने त्याने स्वतःहून उडी घेतली. दुसरी पिंगला. विदेहनगरीतली ही गणिका धनाच्या आशेने मध्यरात्रीपर्यंत दारात ये-जा करीत राहिली. मग तिला आपल्याच आशेचा वीट आला, तिने ती सोडली आणि सुखाने झोपली. घर तेच, रात्र तीच. बदलला तो फक्त निश्चय.

हे आपल्या घरात कसे येते ते पाहा. एका गृहस्थांनी मला विचारले, ‘वडिलोपार्जित जमिनीचे हक्कसोडपत्र तयार आहे. दिवाळीला बहीण येईल, तेव्हा तिची सही घेऊ ना? ती काही नाही म्हणणार नाही.’ मी म्हटले, ‘दादा, तिचा हिस्सा किती येतो हे तिला माहीत आहे का?’ ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘तिच्या लग्नात खर्च केलाच की. शिवाय मी हे माझ्या मुलांसाठीच करतोय.’

आपले मन मोठे वकील असते. हवे ते आधी ठरवते आणि मग कारणे गोळा करते. ‘मुलांसाठी’ हे कारण तर कपोताचेच! २००५च्या कायद्याने अशा मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क दिला आहे. बहिणीने समजून-उमजून तो सोडला तर तो तिचा त्याग. माहेर तुटेल या धास्तीने सही केली, तर तिला त्याग म्हणता येईल का?

अशा वेळी मी तीन गोष्टी करायला सांगतो. पहिली, लगेच ठरवू नका. मनाला घाई असते. एक रात्र मध्ये जाऊ द्या. दुसरी, स्वतःला समोरच्याच्या जागी बसवा. तिसरी, हे सगळे दत्तमहाराजांसमोर मोठ्याने सांगता येईल का ते पाहा. जिथे जीभ अडखळेल, तिथे खोट आहे.

त्या गृहस्थांनी कागद बाजूला ठेवला. बहिणीला बोलावून सातबारा समोर ठेवला, हिस्सा सांगितला आणि ‘सहा महिने विचार कर, ताई’ म्हणाले. तिने पुढे काय ठरवले ते मी मुद्दामच सांगत नाही. त्यांच्या हातात होते ते त्यांनी नीट केले, एवढे पुरे.

हा निश्चय ऐन वेळी एकदम येत नाही. गुरुवारचा उपवास, पारायणातले सोवळे, ठरल्या वेळेचा जप हे सगळे लगाम धरायची सवय लागावी म्हणून आहे. जिभेला एक वेळ ‘नको’ म्हणता आले, तर लोभालाही म्हणता येईल. नुसता उपवास घडला आणि व्यवहारात लगाम सुटला, तर सवय कशाची लागली?

‘महाराजांच्या मनात असेल तसे होईल’ असे आपण म्हणतो. फळाबाबत ते खरेच आहे. पण करण्याचा भार त्यांच्यावर टाकू नये. गीतेच्या अठराव्या अध्यायात सगळे ज्ञान सांगून झाल्यावर भगवंतसुद्धा अर्जुनाला म्हणतात, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसे कर. देवाने जो निर्णय आपल्या हाती ठेवला, तो आपण सांभाळून वापरावा. यंदाच्या जयंतीला पाळण्याची दोरी ओढताना घरातला असा एखादा अडलेला निर्णय आठवावा आणि तो सरळ करण्याचा संकल्प सोडावा.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥