नवजात बाळाचा जंतुदोष आणि रक्ताची तपासणी



ऊस तोडणीला आला की नाही, हे आपण नुसते पाचट बघून ठरवीत नाही. फडात जाऊन हातातल्या यंत्रावर ब्रिक्स बघतो, आणि तोही एकाच कांडीचा नव्हे. बुडखा, मधला भाग आणि शेंडा अशा तिन्ही ठिकाणचा रस बघावा लागतो. एकाच आकड्यावर भरवसा ठेवला तर फसगत होते, हे आपणास अनुभवाने ठाऊक आहे. नवजात बाळाच्या रक्ततपासणीचेही असेच आहे. फरक इतकाच की, उसात झालेली फसगत पुढच्या हंगामात भरून काढता येते, बाळाच्या बाबतीत ती भरून निघत नाही. म्हणून या वेळच्या पाठासाठी हा विषय घेतला आहे.

डिलाईल रोडचा फोन

आपल्या भागातील पुष्कळ घरांचे एक पाऊल मुंबईत, डिलाईल रोडला असते. रस्त्याचे सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग असले तरी आपल्या तोंडी डिलाईल रोडच. वाडवडील तिथे गिरणीत लागले, चाळीत राहिले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, पण नाती राहिली. तिथून परळची मोठी रुग्णालये जवळ. के.ई.एम. रुग्णालय आणि नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह ही दोन्ही १९२६ सालची, तर लहान मुलांचे बाई जेरबाई वाडिया रुग्णालय १९२९ सालचे. त्यामुळे गावाकडे बाळ आजारी पडले की मुंबईचे काका फोनवर सांगतात, “तिथं वेळ घालवू नका, गाडी करा नि सरळ इकडं आणा. वाडिया हाकेच्या अंतरावर हाय.”

काकांची माया खरी आणि रुग्णालयेही नामांकित. पण गावापासून परळपर्यंत पाच-सहा तासांचा रस्ता आहे, आणि नवजात बाळाच्या जंतुदोषात पाच-सहा तास म्हणजे फार मोठा काळ होय. आधी काय करायचे आणि मग काय, हा क्रम चुकला तर मोठे रुग्णालयही हतबल होते. हा क्रम कळण्यासाठी रोग आणि तपासणी दोन्ही समजून घेऊ.

जंतुदोष म्हणजे काय?

जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांपर्यंतच्या बाळाला नवजात म्हणतात. या वयात रोगाशी लढण्याची ताकद कच्ची असते. जंतू रक्तात शिरले की मोठ्या माणसासारखे ते एका जागी अडून राहत नाहीत, सर्व अंगात पसरतात. यालाच डॉक्टर ‘सेप्सिस’ म्हणतात. जन्मानंतर पहिल्या बहात्तर तासांत होणारा जंतुदोष बहुधा प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेला असतो. त्यानंतरचा बहुधा बाहेरून येतो. न धुतलेले हात, नाळेवर लावलेली राख किंवा हळद, बाटलीचे दूध, रुग्णालयातील नळ्या व सुया ही त्याची वाट.

अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ, दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले बाळ, पाणी जाऊन अठरा तासांहून अधिक वेळ लोटल्यावर झालेले बाळ, तसेच बाळंतपणात आईला ताप असल्यास तिचे बाळ, यांना धोका जास्त.

रक्ताच्या कोणकोणत्या तपासण्या करतात?

१) रक्ताचे कल्चर. ही मुख्य तपासणी. पोषक द्रव भरलेल्या बाटलीत बाळाचे साधारण एक मिलिलिटर रक्त घालून ती उबेत ठेवतात. दुधाला विरजण लावल्यासारखेच हे काम. विरजण लागायला जशी रात्र जावी लागते, तसे जंतू वाढायला बहुधा चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात. कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाला दाद देतो, हे यावरूनच कळते. औषधाचे इंजेक्शन आधी दिले तर जंतू दबतात आणि कल्चर कोरे येऊ शकते. म्हणून रक्त आधी, औषध लगेच त्यामागून.

२) पांढऱ्या पेशींची मोजणी. एका घन मिलिमीटरमध्ये या पेशी पाच हजारांच्या खाली गेल्या तर संशय बळावतो. त्यात कोवळ्या पेशींचे प्रमाणही बघतात. घरातील कर्ती माणसे कमी पडली की पोरांनाही कामाला जुंपावे लागते, तसे शरीर अपुऱ्या वाढीच्या पेशी रक्तात पाठवते. जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशींपैकी पाचांत एकापेक्षा जास्त कोवळ्या निघाल्या तर ती धोक्याची खूण.

३) सी.आर.पी. जंतुदोष झाला की यकृत हा पदार्थ तयार करून रक्तात सोडते. लिटरला दहा मिलिग्रॅमपेक्षा जास्त आला तर तो वाढला असे धरतात. काही प्रयोगशाळा हाच आकडा डेसिलिटरमध्ये लिहितात, तेव्हा मर्यादा एक असते. रिपोर्ट वाचताना आकड्यापुढचे माप बघावे, नाहीतर उगाच घाबरणे किंवा उगाच निर्धास्त होणे घडते.

४) रक्त खाली बसण्याचा वेग. बारीक नळीत पहिल्या तासाला पंधरा मिलिमीटरपेक्षा जास्त भरला तर खूण धरतात.

आपल्या देशात कल्चर सोडून बाकीच्या खुणा एकत्र बघण्याची पद्धत आहे. त्यांपैकी दोन किंवा अधिक बिघडलेल्या आढळल्या तर जंतुदोषाचा संशय पक्का समजतात. एकच खूण बिघडली तर तेवढ्यावर निर्णय करीत नाहीत. याखेरीज ‘प्रोकॅल्सिटोनिन’ नावाची तपासणी आहे. ती सी.आर.पी.पेक्षा लवकर वाढते. पण जन्मानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत निरोगी बाळातही ती वाढलेली असते, म्हणून त्या दिवसांत तिचा अर्थ जपून लावावा लागतो.

“एवढ्याशा जिवाचं रक्त काढत्यात” असे म्हणून घरच्या बाया हरकत घेतात. त्यांना सांगावे की अडीच किलोच्या बाळाच्या अंगात सुमारे दोनशे मिलिलिटर रक्त असते. तपासणीस त्यातले एक-दोन मिलिलिटर लागते. तेवढ्याने बाळ अशक्त होत नाही.

रिपोर्ट चांगला, तरी धोका कसा?

आता महत्त्वाची गोष्ट. सी.आर.पी. वाढायला जंतुदोष सुरू झाल्यापासून सहा ते बारा तास लागतात, आणि त्याचा कळस दीड-दोन दिवसांनी येतो. म्हणजे सकाळी बाळाने दूध सोडले आणि दोन तासांत रक्त काढले, तर रिपोर्ट साफ येऊ शकतो. “रिपोर्ट नॉर्मल आहे” म्हणून बाळ घरी न्यावे, तर रात्रीपर्यंत ते हाताबाहेर जाते. यासाठी संशय कायम असेल तर बारा तासांनी तपासणी पुन्हा करतात.

उलटही घडते. अवघड बाळंतपण झाले किंवा जन्मताना बाळाच्या छातीत मळपाणी गेले, तर जंतू नसतानाही सी.आर.पी. चढतो. तेव्हा एका वाढलेल्या आकड्यावरून पंधरा दिवस इंजेक्शने देणेही बरोबर नव्हे.

मग या तपासण्यांचा उपयोग काय? मोठा उपयोग आहे, पण आपण समजतो त्याहून वेगळा. बाळ उघड आजारी दिसत असेल तर औषध सुरू करण्यासाठी रिपोर्टची वाट बघायचीच नसते. बाळ वरून ठीक दिसते पण धोका आहे, अशा वेळी तपासणी डॉक्टरांना निर्णयास मदत करते. आणि औषध थांबवावे कधी, हे तर तपासणीच सांगते. चोवीस तासांच्या अंतराने घेतलेले दोन सी.आर.पी. साफ आले, ३६ ते ४८ तास कल्चर कोरे राहिले आणि बाळ अंगावर पीत असले, तर डॉक्टर औषध बंद करू शकतात.

हे थांबवणे महत्त्वाचे का, तेही पाहा. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या जंतुदोषाचा अभ्यास झाला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात सापडलेल्या जंतूंपैकी पुष्कळ जंतू अनेक औषधांना दाद देईनासे झाले होते. एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारले की काही तण मरेनासे होते, तसाच हा प्रकार. गरज नसताना दिलेले इंजेक्शन उद्याच्या बाळाचे औषध निकामी करते.

गडचिरोलीचा धडा

जिथे प्रयोगशाळाच नाही तिथे काय करायचे, याचे उत्तर आपल्याच राज्यात मिळालेले आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत गावच्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवून तयार केले. त्यांच्याजवळ ना सी.आर.पी. होता ना कल्चर. रडणे क्षीण झाले का, दूध ओढणे कमी झाले का, अंग गार लागते का, श्वास वाढला का, अशा साध्या खुणा त्या घरी जाऊन बघत. जंतुदोष वाटला तर बाळाला रुग्णालयात नेण्याचा सल्ला देत, आणि घरचे तयार नसतील तर शिकवल्याप्रमाणे घरीच इंजेक्शन व औषध देत.

१९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. त्या गावांत हजार जन्मांमागे ६२ नवजात बाळे दगावत होती, ते प्रमाण तिसऱ्या वर्षी २५.५ वर आले. जंतुदोष झालेल्या शंभर बाळांमागे पूर्वी सुमारे सतरा दगावत, ती संख्या तीनच्या आत आली. आज आपल्या गावची आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळ बघते, त्यामागे हाच अनुभव आहे. तिला दारातून परत लावू नये.

घरी काय बघावे, काय करावे?

खालीलपैकी एकही खूण दिसली तर त्याच क्षणी बाळ दवाखान्यात न्यावे, मग ती पाचवीची रात्र असो की बारशाचा दिवस:

• दूध ओढत नाही, किंवा आधी नीट पीत होते ते कमी झाले.
• निपचित पडून राहते, हलवले तरच हालचाल करते.
• अंग गार (९५.९ अंश फॅरनहाइटच्या खाली) किंवा गरम (९९.५ किंवा त्याहून वर).
• शांत असताना पुरे एक मिनिट मोजून श्वास साठ किंवा जास्त, किंवा छातीखाली खोल खड्डा पडतो.
• झटके येतात.
• नाळेभोवती लाली वा पू, अंगावर पुवाच्या पुळ्या.

ताप नाही म्हणून थांबू नये. लहान बाळाचा जंतुदोष पुष्कळ वेळा तापाने नव्हे, गारठ्याने बोलतो.

प्रथम जवळचे सुसज्ज रुग्णालय गाठावे. जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांचा विशेष काळजी कक्ष असतो, आणि २०११ सालच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाची तपासणी, औषधे व वाहन मोफत आहे. १०८ ला फोन करावा. वाटेत बाळ आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून, वरून पांघरूण घालून ठेवावे. पीत असेल तर अंगावर पाजावे. निपचित बाळाच्या तोंडात चमच्याने काही ओतू नये. तिथे कल्चरचे रक्त आणि पहिले इंजेक्शन झाले, बाळ प्रवास सोसेल असे डॉक्टर म्हणाले, की मग खुशाल परळ गाठावे. सोबत रिपोर्ट, औषध दिल्याची वेळ आणि चिठ्ठी न्यावी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांचे काम शून्यापासून सुरू होत नाही. डिलाईल रोडच्या पाहुण्यांनाही हा क्रम आधीच सांगून ठेवावा.

शेवटी एक विनंती. हंगामात आपल्या फडावर तोडणीच्या टोळ्या असतात. कोपीत बाळंत झालेल्या बाईचे नाव आपल्या गावच्या आशाताईच्या वहीत नसण्याचा संभव आहे. ज्या सभासदाच्या रानात टोळी उतरली असेल त्याने एवढे नाव कळवावे, आणि वेळ आली तर गाडीची सोय करावी. ते बाळही आपल्याच शिवारात जन्मलेले आहे.

पाठाची उजळणी

प्र. – रिपोर्ट साफ आला पण बाळ पीत नाही. काय करावे?
उ. – बाळाकडे बघावे. रुग्णालय सोडू नये, बारा तासांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.

प्र. – रक्त आधी की इंजेक्शन आधी?
उ. – रक्त आधी, इंजेक्शन लगेच. पण रक्त मिळत नाही म्हणून इंजेक्शन लांबवू नये.

प्र. – औषध मधेच आपण बंद करावे काय?
उ. – नाही. ते कल्चर आणि बाळाची प्रकृती बघून डॉक्टरच ठरवतील.