वर गेलेले खाली आणण्याची विद्या

दिवाळीच्या सुट्टीनंतर वसतिगृह पुन्हा भरते, तेव्हा मुलांच्या पेट्यांतून चिवडा-लाडवांबरोबर उरलेसुरले फटाकेही येतात. काही वर्षांपूर्वी सातवीच्या तीन मुलांनी अशा फटाक्यांतील दारू काढून ती पत्र्याच्या नळीत ठासली आणि ‘रॉकेट’ म्हणून पेटविली. नळी उडाली नाही, फुटली. एका मुलाचा तळहात भाजला, डोळा थोडक्यात वाचला. त्या रात्री आम्ही शिक्षक एकत्र बसलो तेव्हा दोन मते पडली. असल्या गोष्टींचे नावही वर्गात काढू नये, हे एक मत. ज्याचे नाव काढायचे नाही तेच मुले लपून करतात, हे दुसरे. मुलगा बरा झाला. हातावर व्रण राहिला आणि त्याने विचारलेला एक प्रश्नही राहिला : “सर, नळी वर का नाही गेली?” त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जो अभ्यास केला, तो या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जुनाच प्रश्न

हा प्रश्न आपल्या आष्टीपुरता नाही. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडला आणि अमेरिकेतील शाळकरी मुलांना अग्निबाणांचे वेड लागले. घरच्या घरी मिश्रणे करून ती नळ्यांत ठासण्याचे प्रकार वाढले, मुले जखमी होऊ लागली. तेव्हाही बंदीची मागणी झाली. परंतु जी. हॅरी स्टाइन या अग्निबाण-अभियंत्याने दुसरा मार्ग सुचविला. ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या, जोड्यांचे दुकान चालविणाऱ्या गृहस्थाने १९५४ मध्ये कागद आणि हलके लाकूड यांचे छोटे रॉकेट तयार केले होते. त्यात कारखान्यात बनविलेली, बदलता येणारी मोटर बसे. स्टाइन यांनी ही कल्पना उचलली, सुरक्षेचे नियम लिहिले आणि १९५७ मध्येच छंदी मंडळींची संघटना उभी केली. मुलांनी दारूला हात लावायचा नाही. रचना, मोजमाप आणि उड्डाण मात्र स्वतः करायचे, असे त्या मार्गाचे सूत्र होते.

वाळवंटातील दोन दिवस

ही मुले मोठी झाली तशी त्यांची रॉकेटेही मोठी झाली आणि गावाजवळची मैदाने अपुरी पडू लागली. आज अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात अशा हौशी मंडळींचे मेळावे भरतात. हे वाळवंट म्हणजे आटलेल्या प्राचीन सरोवराचा तळ आहे. मैलोन् मैल सपाट, भेगाळलेली, क्षारयुक्त जमीन. झाड नाही, घर नाही. शनिवार-रविवारी तेथे शिक्षक, कारागीर, अभियंते, विद्यार्थी असे नाना प्रकारचे लोक माणसाएवढी किंवा त्याहून उंच रॉकेटे घेऊन येतात.

या जत्रेत पहिला मान तपासणीच्या टेबलाचा असतो. सुरक्षा अधिकारी प्रत्येक रॉकेट हाती घेऊन पाहतो : पंख पक्के आहेत काय, गुरुत्वमध्य दाबमध्याच्या पुढे, म्हणजे टोकाकडे, आहे काय, पॅराशूट नीट घडी केले आहे काय. विमान वाहतूक खात्याची परवानगी आधीच घेतलेली असते आणि तिने ठरवून दिलेल्या उंचीपलीकडे कोणी जात नाही. वारा ताशी ३२ किलोमीटरपेक्षा अधिक असेल तर उड्डाण होत नाही. मोटर जितकी मोठी, तितके माणसांनी दूर उभे राहायचे : एच गटासाठी किमान ३० मीटर, एम गटासाठी सुमारे १५० मीटर. काडी कोणी ओढीत नाही. दुरून विजेच्या ठिणगीने प्रज्वलन होते.

हे गट समजून घेणे दहावीच्या विद्यार्थ्याला अवघड नाही. मोटरने दिलेला एकूण आवेग, म्हणजे बल गुणिले वेळ, न्यूटन-सेकंदांत मोजतात. ए गटाची कमाल मर्यादा २.५ आहे, पुढील प्रत्येक अक्षराला ती दुप्पट होते. बी ५, सी १०, असे करीत जी गटाला १६० आणि एच गटाला ३२०. एच पासून ‘उच्च शक्ती’ सुरू होते. एम हे तेरावे अक्षर. म्हणून त्याची मर्यादा ए च्या ४०९६ पट, म्हणजे १०,२४० न्यूटन-सेकंद. भूमितीय श्रेढीचे याहून बोलके उदाहरण आम्हांला सापडले नाही.

परंतु मोठी मोटर पैसे टाकले म्हणून मिळत नाही. पहिल्या पायरीला एच किंवा आय गटाचे उड्डाण, दुसऱ्या पायरीला लेखी परीक्षा आणि जे ते एल, तिसऱ्या पायरीला एम व त्यापुढे. प्रत्येक पायरीवर अट अशी की, रॉकेट सुखरूप खाली आले पाहिजे. ते ढगांत दिसेनासे झाले, लोकांनी टाळ्या वाजविल्या, पण पॅराशूट उघडले नाही, तर उमेदवार नापास. उंचीबद्दल गुण नाहीत.

परतीचे गणित

ही अट का, ते एका हिशेबाने कळेल. समजा, रॉकेट ३००० मीटर उंच गेले आणि तेथेच मोठे पॅराशूट उघडून सेकंदाला ६ मीटर वेगाने उतरू लागले. त्याला ५०० सेकंद लागतील. वारा सेकंदाला ५ मीटर असेल, तर ते अडीच किलोमीटर दूर जाऊन पडेल. म्हणून जाणकार मंडळी दोन पॅराशूट वापरतात. शिखरावर लहान उघडते आणि रॉकेट सेकंदाला सुमारे २५ मीटर वेगाने उतरते. ३०० मीटरवर आल्यावर हवेच्या दाबावरून उंची ओळखणारे यंत्र मोठे पॅराशूट उघडते. पहिल्या टप्प्याला १०८ सेकंद, दुसऱ्याला ५०. एकूण १५८ सेकंद. आता वारा त्याला केवळ ७९० मीटर नेईल.

वरून काय पडते याची कल्पना महाराष्ट्राला आहे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. राज्याच्या अनेक भागांतून आकाशात जळत्या रेषा सरकताना लोकांनी पाहिल्या. चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडलेले आढळले. ते चिनी अग्निबाणाच्या टप्प्याचे अवशेष असावेत, असे तज्ज्ञांनी सांगितले. कोणाला इजा झाली नाही, हे सुदैव. वाळवंटातील हौशी माणूस मात्र सुदैवावर विसंबत नाही. १७ मे २००४ रोजी याच ब्लॅक रॉकमधून हौशी गटाचे रॉकेट प्रथमच अवकाशाच्या सीमेपलीकडे, सुमारे ११५ किलोमीटर उंच गेले. त्याआधीचे प्रयत्न फसले होते. २०२४ च्या ऑक्टोबरात दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी तेथूनच सुमारे १४३ किलोमीटर उंची गाठली.

नळी का फुटली?

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. रॉकेट स्फोटाने उडत नाही. नियमित ज्वलनाने उडते. इंधनाचा वायू मागच्या अरुंद नोझलमधून वेगाने बाहेर पडतो आणि न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार नळी पुढे ढकलली जाते. फटाक्याची दारू क्षणात जळते, बंद नळीत वायूला वाट मिळत नाही, दाब वाढतो आणि सर्वांत कमकुवत जागी पत्रा फाटतो. इंधन किती वेगाने जळावे हे ठरविणे, हेच खरे शास्त्र. आणि ते ठासण्याने येत नाही.

या शास्त्रात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. पुण्यात १९३३ साली जन्मलेले डॉ. वसंत गोवारीकर १९६७ मध्ये थुंब्याला रुजू झाले आणि त्यांनी घन इंधनाच्या संशोधनाला आयुष्यातील उमेदीची वर्षे दिली. ते विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक असताना, १८ जुलै १९८० रोजी, एसएलव्ही-३ ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. त्या यानाचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. आदल्या वर्षीचे, १० ऑगस्ट १९७९ चे उड्डाण बंगालच्या उपसागरात कोसळले होते. त्या अपयशाची बारकाईने चिकित्सा झाली, म्हणून पुढचे यश आले.

आपल्या मैदानावर

आपल्या देशात परवान्यावाचून स्फोटक मिश्रण बनविणे हा गुन्हा आहे आणि शाळेला त्याची गरजही नाही. दोन लिटरची शीतपेयाची बाटली, रबरी बूच, व्हॉल्व्ह आणि सायकलचा पंप एवढे पुरते. बाटलीत एक तृतीयांश पाणी भरावे, पुठ्ठ्याचे तीन पंख लावावेत, टोकाशी थोडी माती चिकटवून गुरुत्वमध्य पुढे आणावा. दाब दाखविणारा पंप घ्यावा; काटा ५० पौंडांच्या पुढे नेऊ नये. चिरलेली बाटली वापरू नये. शिक्षक समोर असल्याखेरीज पंपाला हात लावू नये, आणि खटका लांब दोरीने ओढावा. पाणी खाली जाते, बाटली वर जाते, नियम तोच.

उंची मोजायला कोनमापक आणि ओळंबा हवा. चाळीस मीटरवर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला शिखराचा उन्नत कोन ३५ अंश दिसला, तर ४० गुणिले ०.७० म्हणजे २८ मीटर; त्यात डोळ्याची उंची दीड मीटर मिळवावी. साडेएकोणतीस मीटर! त्रिकोणमिती ‘कशासाठी’ हे त्या दिवसापासून आम्हांला कोणी विचारले नाही.

सोयाबीन निघाल्यावर आसपासची रानेही मोकळी होतात, तेव्हा आम्ही हा पाठ घेतो. शेजारच्या शेतमालकाला आदल्या दिवशी जाऊन विचारतो. त्याच्या तुरीत बाटली पडली, तर कोणी धावत जायचे नाही, एकाच मुलाने धुऱ्यावरून जाऊन ती आणायची, हे ठरलेले आहे. उड्डाणांची नोंदवही ठेवली आहे. तिचा पहिला नियम व्रण असलेल्या त्याच मुलाने, नववीत असताना, स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवला : बाटली शाबूत परत आली नाही, तर तिची उंची वहीत लिहायची नाही.